मग हॉटेलातच जायचं की

दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाची आमच्याकडे राहायला आली होती आणि तिच्या आग्रहावरून मी मसाला डोशाचा घाट घातला होता. पीठ रात्रीतून चांगले फुगून आले होते, बिडाचा तवा गेली काही वर्षे फक्त डोशासाठी राखून ठेवल्यामुळे गुळगुळीत झाला होता आणि त्या दिवशी हातही बरा चालत होता. मधोमध तांबूस, कडेला जाळीदार, बटाट्याची पिवळी भाजी पोटात घेऊन दुमडलेला डोसा मी तिच्या ताटात वाढला. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "मावशी, अगदी हॉटेलसारखा झालाय गं!" ही दाद मिळावी म्हणूनच तर सारा खटाटोप असतो. मी खूश होऊन पुढचा डोसा घालायला वळले, तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवर बसलेली आई चटणीत बोट बुडवून चाखत, कोणाकडेही न बघता म्हणाली, "मग हॉटेलातच जायचं की."

सगळे हसले, मीही हसले. आईने ऐंशी ओलांडली आहे आणि तिच्या बोलण्याला पहिल्यापासूनच एक तिरकी धार आहे, त्यामुळे तिची वाक्ये ऐकून सोडून द्यायची आम्हाला सवय आहे. हे वाक्य मात्र सोडून देता आले नाही. भांडी आवरताना, दुसऱ्या दिवशी बसमध्ये, रात्री दिवा मालवल्यावर ते परत परत येत राहिले. तो टोमणा होता का, आणि असला तर कोणाला? कारण घरात हॉटेलचे पदार्थ करून बघण्याचे खूळ आमच्याकडे आणले ते आईनेच.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९८० च्या आसपासच्या पुण्यात, हॉटेलात जाणे ही महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट होती. बाबांचा पगार झाला की त्या रविवारी संध्याकाळी आम्ही एका उडुपी हॉटेलात जात असू. संगमरवरी टेबले, आतल्या बाजूला 'फॅमिली रूम' अशी पाटी, गल्ल्यावर कपाळाला गंध लावलेले अण्णा आणि सगळीकडे भरून राहिलेला तो वास, ज्यात फोडणीचा कढीपत्ता, कॉफी, ओला खराटा आणि तापलेले लोखंड एकत्र मिसळलेले असे. आम्ही मुले डोसा येईपर्यंत मिठाच्या बाटलीशी खेळत असू. आई मात्र वेगळ्याच कामात गुंतलेली असे. सांबाराची वाटी समोर आली की ती आधी नाकाजवळ नेई, मग चमच्याने तळ ढवळून वर काय येते ते बघे, मग अगदी थोडे तोंडात घेऊन ते जिभेवर फिरवत राही. बाबा म्हणत, "अगं, खा आता, परीक्षा कसली घेतेस?" ती उत्तर देत नसे. घरी परत येताना, स्कूटरवर मध्ये मला बसवून, ती बाबांच्या खांद्यावरून पुढे वाकून सांगे, "लाल भोपळा आहे त्यात. शिजून पार विरघळलेला असतो, म्हणून दिसत नाही."

त्या काळी आमच्या घरात सांबार म्हणून जे होई ते शेवग्याच्या शेंगा घातलेल्या आमटीच्या फार पुढे गेलेले नव्हते. तूरडाळ, चिंच, गूळ हे सगळे दोन्हींत सारखेच, आणि हात सवयीने गोड्या मसाल्याच्या डब्याकडे जाई, की झाली त्याची आमटी. आईने ती सवय एकेक करून मोडली. गोडा मसाला बाजूला ठेवून धने, हरभऱ्याची डाळ, थोडी उडीद डाळ, मेथीचे मोजके दाणे, ब्याडगी मिरची आणि खोबरे असे सगळे वेगवेगळे भाजायचे, हिंग सढळ हाताने घालायचा, भोपळ्याची फोड डाळीबरोबरच कुकरला लावायची आणि सकाळी केलेले सांबार संध्याकाळी खायचे, इथपर्यंत ती पोचली. हा शेवटचा शोध मला आजही महत्त्वाचा वाटतो. हॉटेलातले सांबार पहाटे चढते आणि मंद आचेवर दिवसभर उभे असते. चार वाजता आपल्या वाटीत येते तेव्हा त्यातल्या चिंचेची, हिंगाची आणि डाळीची ओळख होऊन बरेच तास झालेले असतात. घरचे सांबार शिट्टी पडल्यापासून अर्ध्या तासात ताटात येते. त्याला तेवढी सवड मिळत नाही.

मुंबईत ही चव लोकांच्या अंगवळणी आधी पडली. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेले श्रीकृष्ण बोर्डिंग असो किंवा त्याच परिसरातले कॅफे मद्रास असो, तिथली गिऱ्हाइके पिढीजात आहेत. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टींच्या 'वैशाली'ने कॉलेजातल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना डोसा आणि कॉफीची चटक लावली. दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून आलेली ही मंडळी मराठी माणसाच्या जिभेचा अंदाज घेत गेली, आणि आपल्या आया त्यांच्या पदार्थांचा. या दुसऱ्या बाजूची नोंद फारशी कुठे झालेली नाही. घरोघरी बायका वाटीतल्या सांबाराचा तळ ढवळून बघत होत्या, एकमेकींना विचारत होत्या, मैत्रिणीच्या कानडी शेजारणीकडून प्रमाण मिळवत होत्या आणि ते रद्दीच्या कागदावर लिहून मसाल्याच्या डब्याच्या झाकणात ठेवत होत्या.

डोशाने मात्र आईला कधी दाद दिली नाही, आणि ती का दिली नाही हे मला कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

आमच्या घरापासून जवळच एक हॉटेल आहे, जिथे डोशाचा तवा काचेआड पण गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवलेला आहे. मी तिथे पार्सलची वाट बघत उभी राहिले की तव्यावरच्या मुलाकडे बघत राहते. तवा म्हणजे बोटाएवढ्या जाडीची, दोन माणसे लागतील उचलायला अशी लोखंडी लादी, आणि तिच्याखाली सकाळपासून न विझलेले बर्नर. तो मुलगा आधी तांब्यातले पाणी हाताने फेकतो. पाणी तव्यावर नाचत नाचत उडून जाते. मग हिराच्या आखूड खराट्याने तो तवा झाडतो. आम्ही घरी समजत होतो की हे सगळे स्वच्छतेसाठी आहे. ते स्वच्छतेसाठी आहेच, पण त्याचे खरे काम तव्याचा वरचा थर क्षणभर थंड करणे हे आहे. तवा फार तापलेला असला तर पीठ पडल्या जागी धरते आणि डावाबरोबर गोळा होऊन येते. पाणी मारले की पीठ पसरवायला पुरेल एवढा अवधी मिळतो. आणि तो डाव फिरवत कडेपर्यंत पोचतो न पोचतो तोच त्या जाड लोखंडाच्या पोटातली साठलेली धग वर येते आणि डोसा खालून तांबूस व्हायला लागतो. घरच्या पातळ तव्याच्या पोटात अशी शिल्लक नसते. पाणी मारले की तो थंडच पडतो आणि पुन्हा तापायला वेळ लावतो, तोपर्यंत डोसा वाफेवर शिजून पांढरा फटक. नॉनस्टिकवर तर आणखी वेगळी कथा. तो जपून तापवावा लागतो, पीठ त्याला धरतच नाही, त्यामुळे पसरायला जावे तर सगळा गोळा डावाला चिकटून फिरत राहतो. बिडाचा जाड तवा घेतल्यावर आणि अर्धा कांदा तेलात बुडवून तो त्यावर घासायची सवय लावून घेतल्यावर माझे डोसे माणसांत आले. पण तरी एक डोसा होतो आणि दुसऱ्यासाठी तवा पुन्हा तयार होईपर्यंत थांबावे लागते. हॉटेलातला मुलगा त्या लादीवर एका वेळी सहा घालतो.

पिठाचेही तसेच आहे. तीन-चार वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी, मूठभर पोहे, हे प्रमाण आता शेंबड्या पोरालाही पाठ असते. पण पीठ आंबते ते उडदाबरोबर येणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, ज्यांतल्या मुख्य जिवाणूचे ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स असे लांबलचक नाव आहे, आणि त्यांना तीस अंशांच्या आसपासची ऊब मानवते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा आमच्या ओट्यावरचे पीठ सकाळी जसेच्या तसे बसलेले असते. आई पातेले गोधडीत गुंडाळून ठेवत असे. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण ते ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावून ठेवते. हॉटेलच्या मुदपाकखान्याला असे काही करावे लागत नाही. तिथे भट्ट्या रात्री उशिरापर्यंत चालू असतात, भिंतीसुद्धा पहाटेपर्यंत कोमट असतात. शिवाय दगडी ग्राइंडरमध्ये डाळ बराच वेळ थंडपणे फिरते आणि हवा धरत फुलते. आपला मिक्सर दोन मिनिटांत हाताला चटका बसेल इतका तापतो. थोडक्यात, पाककृती आपल्याकडे येते, स्वयंपाकघर येत नाही.

याच्या उलट मिसळ. ती घरी जमते, आणि हॉटेलच्या तोडीची जमते, असे माझे मत आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. कारण ती मुळात घरातून बाहेर गेलेली आहे. मटकीची उसळ आणि फरसाण यांच्यात कुठल्या भट्टीचे काही अडत नाही. अडते ते तर्रीशी. कोल्हापुरात तिला कट म्हणतात, पुण्याकडे सँपल मागवतात, आणि नागपूरकर ती पोह्यांवरसुद्धा घेतात. घरच्या मिसळीचा रस्सा पुष्कळदा चवीला उत्तम आणि दिसायला गढूळ होतो, कारण आपण तिखट पाण्यात किंवा भाजलेल्या वाटणात घालतो. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तो तेलात उतरतो. कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतून झाले की गॅस बारीक करायचा, तेल थोडे निवू द्यायचे आणि मगच त्यात ब्याडगीची पूड आणि कांदा-लसूण मसाला घालायचा. पाच-सात सेकंदांत तेल लालभडक होते. त्याच क्षणी कढत पाणी घालायचे, नाहीतर मसाला करपून कडवट होतो. मग झाकण न ठेवता उकळत ठेवले की हळूहळू तवंग वर येऊन पातेल्याच्या कडेला जमतो. ब्याडगी रंग देते, तिखटपणा फारसा देत नाही. तो हवा असेल त्यांनी संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीला शरण जावे. पावाबरोबर की स्लाइसबरोबर, वर दही की पापड, हे ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे ठरवावे. ठाण्याच्या मामलेदार मिसळीवर वाढलेल्या माझ्या मेहुण्यांना आमची मिसळ सौम्य वाटते आणि त्यांना तसे वाटावे हे मला योग्यच वाटते.

पण त्या तर्रीसाठी तेल किती लागते हे एकदा स्वतःच्या हाताने ओतून बघितले की पुढच्या वेळी हात आखडतो. हा हात आखडणे मला या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा वाटतो. हॉटेलात पनीर बटर मसाला आवडीने खाणारा माणूस घरी तो करायला बसतो, तेव्हा काजू आणि मगज बी भिजत घालताना पहिल्यांदा, लोण्याचा गोळा कढईत टाकताना दुसऱ्यांदा आणि वरून साय ओतताना तिसऱ्यांदा विचार करतो. समोर बसणाऱ्या प्रत्येकाचे कोलेस्टेरॉल त्याला ठाऊक असते. बाबांना रक्तदाब होता, म्हणून आईच्या पावभाजीत मीठ नेहमी एक चिमूट कमीच असे. तिच्यात लोणीही घरचे पांढरे घातलेले असे, ताज्या विरजणाचे, आणि माझा भाऊ दर वेळी ताटावर बसल्या बसल्या सांगे की ही बाहेरच्यासारखी लागत नाही. खारवलेल्या पिवळ्या बटरला घरचे लोणी पर्याय होऊ शकत नाही, हे खरेच होते. पण दुधावरची साय आठवडाभर साठवून, विरजून, घुसळून काढलेले लोणी 'तसे लागत नाही' म्हणून नापास व्हावे, याचे आईला काय वाटत असेल, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही.

पंजाबी भाज्यांचे आणखी एक गुपित आहे. तिथे भाजी केली जात नाही, जुळवली जाते. सकाळीच मोठ्या पातेल्यांत कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि अशाच एक-दोन ग्रेव्ह्या तयार होतात, आणि संध्याकाळी ऑर्डर आली की दोन डाव हिच्यातले, एक डाव तिच्यातला, पनीर किंवा मटार, कसुरी मेथी, मोठ्या जाळावर चार मिनिटे, की नाव ठरले. व्हेज कोल्हापुरी नावाचा पदार्थ याच पातेल्यांतून जन्माला येतो. कोल्हापूरच्या घरांत, जिथे तांबडा आणि पांढरा रस्सा पिढ्यानपिढ्या होतो, तिथे असली भाजी कोणी आजीकडून शिकल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मांचुरियनचीही तीच गत. त्याचे श्रेय नेल्सन वँग यांना दिले जाते, मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, साल १९७५. चीनमध्ये त्याला कोणी ओळखणार नाही. हे पदार्थ हॉटेलच्या भट्टीवरच जन्मलेले आहेत, त्यांना माहेर नाही. त्यामुळे ते घरी करणारी बाई एका बैठकीच्या चार वाट्या भाजीसाठी तीन ग्रेव्ह्यांचे काम उपसते आणि दीड तासाने घामाघूम होऊन टेबलाशी येते तेव्हा बाकीच्यांचे निम्मे जेवण झालेले असते. चायनीजची भट्टी ज्या आवाजाने पेटते तो आवाज आपल्या शेगडीला काढता येत नाही. घरच्या लाल सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो आणि हॉटेलच्या निळ्यात १९ किलो, पण खरा फरक त्यापुढच्या बर्नरच्या तोंडाशी पडतो. कढईत नूडल्स टाकल्या की आपला जाळ दबतो आणि त्या परतल्या जाण्याऐवजी वाफवल्या जातात.

२०२० च्या टाळेबंदीत हे सगळे प्रयोग घरोघरी एकदम उसळून आले होते. आमच्या इमारतीत तर रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या मजल्यावरून पावभाजीचा वास येई, दुकानात यीस्ट मिळेनासे झाले होते, आणि तवा उलटा करून थेट जाळावर नान भाजण्याचे कसब साठीतल्या काकांनीसुद्धा आत्मसात केले होते. त्या दिवसांत पुरुष मोठ्या संख्येने ओट्याशी आले हे मला आठवते. हेही आठवते की त्यांच्या नानचे फोटो निघाले. ओटा नंतर कोणी पुसला याचे फोटो कोणाच्या फोनमध्ये असतील असे वाटत नाही.

मग हॉटेलातच जायचं की.

काही दिवसांनी मी आईला सरळ विचारले की त्या दिवशी तुला काय म्हणायचे होते. ती पेपर वाचत होती. तिने चष्मा खाली घेतला आणि म्हणाली, "काय म्हणायचं होतं म्हणजे? हॉटेलात जाऊन वर्ष झालं. तू घरीच करतेस सगळं, म्हणून कोणी नेत नाही." मी इतके अर्थ लावले होते आणि तिचा अर्थ वाक्यात लिहिल्याप्रमाणे होता. त्या शनिवारी आम्ही दोघीच गेलो. तिने टेबलाची जागा स्वतः निवडली, पंख्याखालची पण वारा थेट अंगावर न येणारी. कार्ड वाचले, जरी मागवायचे काय ते तिला ठाऊक होते. डोसा आला. तिने कडेला बोट लावून बघितले, ताटली दोन बोटे पुढे सरकवली आणि वेटरला शांतपणे सांगितले, "हा मऊ पडलाय. परत न्या आणि कडक करून आणा." तो "हो आजी" म्हणून ताटली घेऊन गेला आणि आई हात मांडीवर ठेवून, पाठ खुर्चीला टेकवून, अतिशय आरामात वाट बघत बसली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. या बाईला मी आयुष्यभर तव्यावरचा पहिला, चिकटून फाटलेला डोसा उभ्या उभ्या खाताना आणि शेवटचा, गार झालेला, उरलेल्या चटणीबरोबर संपवताना बघितले होते. मधले सगळे आमचे. घरात वाढलेला पदार्थ परत पाठवण्याचा अधिकार बाबांना होता, भावाला होता, थोडा मलाही होता. तो कोणाकडे परत पाठवायचा हे ठरलेले होते. तिला तो फक्त महिन्यातून एकदा त्या संगमरवरी टेबलाशी मिळत असे, आणि तिथेही ती वाटीचा तळ ढवळत बसे, कारण घरी गेल्यावर आम्ही "आई, असंच सांबार कर ना" म्हणणार हे तिला माहीत होते. सुट्टीच्या संध्याकाळी ती पुढच्या रविवारचे काम समजून घेत होती. या वेळी सांबाराची वाटी आली तेव्हा तिने ती ढवळली नाही. खाल्ले, आणखी मागवले, आणि मी तिला यात काय असेल गं असे विचारले तर म्हणाली, "असेल काहीतरी."

दुसरा डोसा खरोखर कुरकुरीत आला. तो खाताना मला काचेआडच्या त्या मुलाची आठवण झाली, कारण आईने परत पाठवलेला डोसाही कोणाकडे तरी गेलाच होता. हॉटेलात बसून खाण्याचे सुख तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर उभे असते. पूर्वी ही मुले उडुपी-कुंदापूरकडून येत; मुंबईत त्यांच्यासाठी कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा निघाल्या आणि दिवसभर टेबले पुसून ती रात्री शिकली. आता गल्ल्यावरचे अण्णा तेच असले तरी तव्यावरची मुले बहुधा झारखंड, ओडिशा किंवा उत्तर प्रदेशातून आलेली असतात, आणि माटुंगा असो की पुणे, कानडी सांबार त्यांच्या हातचे असते.

आमच्या जवळच्या हॉटेलातला तव्यावरचा मुलगा झारखंडचा आहे. पार्सलची वाट बघता बघता आता आमची तोंडओळख झाली आहे; तो मला ताई म्हणतो आणि अर्धे हिंदी, अर्धे मराठी बोलतो. मी त्याला एकदा विचारले की सुट्टीच्या दिवशी तू काय खातोस. भात आणि माशाचे कालवण, तो म्हणाला. खोलीवर सगळ्यांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या आहेत आणि ज्या दिवशी पाळी नसते त्या दिवशी तो गाडीवर जाऊन शेजवान राइस खातो. डोसा तो खात नाही. मग आपण होऊन त्याने सांगितले की छठच्या वेळी गावी गेला तेव्हा घरच्यांनी डोसाच मागितला होता. इतकी वर्षे पुण्यात काय करतोस ते दाखव, असे म्हणाले. तांदूळ-उडीद तिथे मिळाले, शेजाऱ्यांच्या मिक्सरवर वाटूनही घेतले, पण घरात तवा होता तो रोट्यांचा, मधोमध खोलगट, आणि खाली चूल. पीठ मध्यभागी ओघळून जमायचे आणि उलथन्याला तुकडे यायचे. रोज शेकड्यांनी डोसे काढणारा हा मुलगा आईच्या चुलीपुढे घामाघूम होऊन बसला होता आणि बहीण मागे उभी राहून विचारत होती की तो टोपीसारखा उभा डोसा असतो तो कधी होणार. आईने तुकडे मिरचीच्या चटणीबरोबर खाल्ले आणि छान झालेत म्हणाली.

हे सांगताना त्याचे हात थांबलेले नव्हते. पाणी, खराटा, पीठ, तेल चालूच होते. माझे पार्सल बांधून झाल्यावर त्याने विचारले, "ताई, तुमच्या घरी तवा कुठला आहे?" बिडाचा, मी म्हटले. किती जाड? मी दोन बोटांत अंतर धरून दाखवले. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला की जुन्या बाजारात त्याने एक लोखंडी लादी बघून ठेवली आहे, चांगली जाड, घासली की होईल तयार. पुढच्या छठला घेऊन जायची आहे, फक्त एवढे वजन जनरलच्या डब्यात ठेवायचे कुठे ते ठरत नाही.